उभी ठेवलेली मोटरहोम दर वेळी एकाच कोपऱ्यात बसते तेव्हा

लक्षण असं. ऑक्टोबरअखेर गाडी स्टोरेजच्या जागेत लावली तेव्हा चारही कोपरे सारखे होते. तिसऱ्या आठवड्यात गेलो तर मागचा डावा कोपरा चांगला चार बोटं खाली, आणि दाराचा खटका काही केल्या लागेना. इंजिन सुरू केलं, हवा बनली, गाडी सरळ उभी राहिली, दारही लागलं. बरं वाटलं, घरी आलो. पुढच्या फेरीला पुन्हा तोच कोपरा खाली.

आमची गाडी म्हणजे इंजिन मागे असलेली ३८ फुटी डिझेल मोटरहोम, हवेच्या सस्पेन्शनवर उभं राहणारं बसएवढं चाकांवरचं घर. आम्ही पश्चिम मिशिगनमध्ये राहतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल गाडी खडी टाकलेल्या मैदानात उघड्यावर उभी असते. पंधरा मिनिटं इंजिन चालवलं की प्रश्न मिटतो, म्हणून आम्ही हे तीन हिवाळे चालवून घेतलं. तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मागच्या खोलीतल्या कपाटावर तपकिरी डाग दिसला. छताला मधून दोन्हीकडे उतार दिलेला असतो, पण गाडीच एका कोपऱ्यात कलली की वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या कोपऱ्यात साचतं आणि शिवणीतून आत वाट काढतं. तो डाग बघून जीव हळहळला. त्या दिवशी ठरवलं, आता नुसती हवा भरत बसायचं नाही. ती जाते कुठून ते शोधायचं. शोधायला जवळजवळ वर्ष लागलं. तुमच्याकडे हेच होत असेल तर तुमचं वर्ष वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. नुसत्या हवेवर किंवा गाडीच्या स्वतःच्या जॅकवर उभ्या असलेल्या मोटरहोमखाली कधीही जाऊ नका. हवा गेली की गाडी एका क्षणात कित्येक इंच खाली येते, आणि आमच्यासारखी गाडी सामानासकट १३ टनांच्या वर जाते. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागी, फ्रेमखाली, पुरेशा वजनाचे स्टँड लावा. गाडी नेहमीच्या उंचीवर असताना तपासणी करायची असेल तर स्टँड आणि फ्रेम यांत बोटभर फट ठेवा, म्हणजे ती बसलीच तर स्टँडवर बसेल. एवढी सोय नसेल तर खाली जायचं काम माहितगार मेकॅनिकलाच करू द्या.

गेज उतरणं वेगळं, गाडी बसणं वेगळं

सुरुवातीला आमचा गोंधळ इथेच झाला. सकाळी डॅशबोर्डवरचं गेज खाली आलेलं दिसायचं आणि गाडी बसलेलीही दिसायची. आम्ही दोन्हींचं कारण एकच धरून चाललो होतो.

या गाड्यांत ब्रेक आणि सस्पेन्शन दोघांनाही एकाच कॉम्प्रेसरची हवा मिळते. ती आधी एअर ड्रायरमधून जाते, तिथे तिच्यातलं पाणी शोषलं जातं, मग ती टाक्यांत भरते. दाब साधारण १२० ते १३० पीएसआय झाला की गव्हर्नर नावाचा भाग कॉम्प्रेसरला थांबवतो आणि ड्रायर खालून फुस्स आवाज करत साठलेलं पाणी बाहेर टाकतो. टाक्यांतून सस्पेन्शनकडे जाताना वाटेत एक संरक्षक व्हॉल्व्ह असतो, म्हणजे सस्पेन्शनमध्ये काही फुटलं तरी ब्रेकची हवा पूर्ण जात नाही. त्याच्या पुढे हाइट कंट्रोल व्हॉल्व्ह. अ‍ॅक्सलला जोडलेला एक बारीक दांडा या व्हॉल्व्हचा हात हलवतो. गाडी खाली गेली तर तो बेलोत हवा सोडतो, वर गेली तर बेलोतली हवा बाहेर काढतो. बेलो म्हणजे तो रबरी फुगा, ज्याला इथे एअरबॅग म्हणतात. मुंबई–पुणे शिवनेरीखाली जी व्यवस्था असते, त्याच जातीची ही.

हाइट कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये बेलोतली हवा उलटी टाकीकडे जाऊ न देणारी झडप असते. झडप ठीक असेल तर टाकी रिकामी झाली तरी गाडी उभी राहते, आणि बेलोची हवा जात असेल तर हाइट व्हॉल्व्ह आधी टाकीतून भर घालतो, पण संरक्षक व्हॉल्व्ह बंद झाला की गेज तिथेच थांबतं. म्हणून आधी हे बघा: गेज शून्यावर आणि गाडी ताठ असेल तर गळती टाक्यांकडे किंवा ब्रेककडे आहे. गेज मध्येच थांबलेलं आणि कोपरा खाली असेल तर गळती हाइट व्हॉल्व्हच्या पुढे आहे: बेलो, नळी, जोड, त्या व्हॉल्व्हचं बाहेर हवा सोडणारं तोंड, किंवा लेव्हलिंगसाठी, म्हणजे उभी गाडी समपातळीत आणताना, हवा सोडणारा डम्प व्हॉल्व्ह. गेज शून्यावर आणि कोपराही खाली असेल तर बहुधा दुखणी दोन आहेत. ती एकेक करून शोधा.

इथल्या व्यावसायिक लायसन्सच्या परीक्षेत एकट्या गाडीला ब्रेक सोडलेले असताना मिनिटाला २ पीएसआयपर्यंत घट चालते, ब्रेक दाबून धरल्यावर ३ पीएसआय. आमची गाडी त्यात आरामात बसत होती, त्यामुळे सिस्टिम ठीक आहे असं आम्हाला वाटलं. पण ती मर्यादा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी आहे, जिथे कॉम्प्रेसर सतत हवा बनवत असतो. मिनिटाला २ पीएसआय गेले तर तासाभरात टाकी रिकामी. पाच महिने उभ्या राहणाऱ्या गाडीबद्दल ती परीक्षा काहीच सांगत नाही.

थंडीचा वाटा किती

स्टोरेजमधल्या शेजाऱ्यांनी सांगितलं, थंडीने हवा आकसते, सगळ्यांच्याच गाड्या बसतात. यात तथ्य आहे, पण किती ते मोजून बघावं. २० अंश सेल्सियसला भरलेली हवा उणे १५ ला गेली की तिचा एकूण दाब सुमारे १२ टक्के उतरतो. टाकीत १२० पीएसआय होते तर गळती शून्य असूनही गेज १०४ च्या आसपास दाखवेल. ते बघून घाबरू नका.

बेलोचं गणित वेगळं. त्याच्यावरचं वजन तेवढंच राहतं म्हणून दाब फारसा बदलत नाही. बदलतं ते आकारमान. १२ टक्के आकारमान कमी झालं की गाडी साधारण इंचभर खाली येते. पण थंडी डाव्या बाजूला जास्त आणि उजव्या बाजूला कमी नसते. गाडी चारही बाजूंनी सारखी इंचभर उतरली तर ती थंडीची करणी. एकच कोपरा खाली गेला तर थंडीला दोष देता येणार नाही.

थंडी आणखी एक काम करते. जोडांतल्या रबरी रिंगा कडक होतात, प्लॅस्टिकच्या नळ्या आकसतात, आणि जुलैमध्ये कोरडाठाक असलेला जोड जानेवारीत फुसफुसू लागतो. त्यामुळे उबदार वर्कशॉपमध्ये नेलेल्या गाडीत ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर मिळू शकतं. आमच्या बाबतीत एकदा तसंच झालं.

मास्किंग टेप, मेजरिंग टेप आणि वही

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वहीचा. चारही चाकांच्या वर, कमानीच्या मधोमध मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला, त्यावर पेनाने रेघ मारली, आणि चाकाच्या मध्यापासून रेघेपर्यंतचं अंतर मोजलं. चार आकडे, दोन टाक्यांची दोन गेजं, बाहेरचं तापमान. पहिले दहा दिवस रोज, मग दिवसाआड. जागा घरापासून वीस मिनिटांवर आहे म्हणून जमलं; लांब असेल तर पहिला आठवडा तरी गाडी घरासमोर ठेवून मोजा.

रोज का मोजायचं तेही सांगते. मागच्या अ‍ॅक्सलला आमच्याकडे दोन हाइट व्हॉल्व्ह आहेत, डावा आणि उजवा. डावा कोपरा बसला की गाडी कलते आणि उजवी बाजू किंचित वर येते. उजव्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी उंच झाली, आणि तो चांगल्या बेलोतली हवा सोडू लागतो. महिन्याने गेलात तर दोन्ही बाजू खाली दिसतात आणि गुन्हेगार कोण ते कळत नाही. जो कोपरा सगळ्यात आधी हलला त्याच्याकडे बघायचं. पुढच्या अ‍ॅक्सलला एकच व्हॉल्व्ह असेल तर तिथले दोन्ही बेलो एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे पुढची गळती दोन्ही बाजू सारख्याच उतरवते. एका कोपऱ्यात कलणं हे बहुतेक वेळा दोन व्हॉल्व्ह असलेल्या टोकाचं दुखणं असतं. तुमच्या गाडीत एक व्हॉल्व्ह पुढे आहे की मागे, एवढं आधी बघून घ्या.

आमच्या वहीत पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मागची डावी बाजू पाव इंच. आठव्या दिवशी पाऊण. बाकी तिन्ही जागच्या जागी.

बेलो बदलला तो फुकट गेला

वहीतले आकडे घेऊन एका वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांनी मागच्या डाव्या बेलोच्या घडीत बारीक चिरा दाखवल्या आणि तो बदलला. चिरा खऱ्या होत्या, पण वरवरच्या. साबणाचं पाणी लावून बघितलं का, असं मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. नवा बेलो लागला, आणि तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा तिथेच बसली.

माझे मामा इचलकरंजीला असतात. आयुष्य बसच्या वर्कशॉपमध्ये गेलं. फोनवर सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “अगं, बसताना आवाज येतो का?”

“नाही मामा, काहीच ऐकू येत नाही.”

“मग बेलोला कशाला हात लावला? बेलो फुटला तर सांगून फुटतो. गुपचूप बसणारी गाडी व्हॉल्व्हवर बसते. हवा बाहेर टाकायची जेवढी तोंडं आहेत तेवढी आधी बघ. आणि ड्रायर कधी बदललास?”

ड्रायरचा प्रश्न मला तेव्हा मुद्द्याला सोडून वाटला. म्हणाले होते ते सगळं लिहून ठेवलं, एवढं बरं केलं.

पाण्याचा ग्लास

साबणाचं पाणी जोडांना चांगलं लागू पडतं. भांडी घासायचा लिक्विड सोप पाण्यात मिसळून ब्रशने लावायचा आणि घाई न करता दोन मिनिटं बघत राहायचं. नळी तिरकी कापलेली असेल तर जोडातून फेस येतोच. ती कटरने सरळ कापून परत दाबून बसवावी, पक्कडीने कापू नये. हाइट व्हॉल्व्हचा दांडा वाकलाय का, त्याच्या टोकांची रबरं खिळखिळी झाली आहेत का, हेही त्याच वेळी हात लावून बघून घ्या. आमच्याकडे हे सगळं ठीक निघालं.

पण आठ दिवसांत पाऊण इंच उतरवणारी गळती साबणाच्या फेसात दिसत नाही. मामांनी सांगितलेली युक्ती अशी: हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाला हातभर बारीक नळी घट्ट बसवायची आणि तिचं दुसरं टोक ग्लासभर पाण्यात बुडवायचं. कडक थंडीत पाण्याऐवजी समोरची काच धुण्याचं हिवाळी लिक्विड घ्या, ते गोठत नाही.

डाव्या हाइट व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी लावून दहा मिनिटं बघितलं. काही नाही. मग फ्रेमच्या आतल्या बाजूला असलेल्या डम्प व्हॉल्व्हला लावली. जॅक टेकवायच्या आधी बेलोंची हवा सोडून गाडी खाली घेतात, त्यासाठीचा हा विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. एरवी तो बंद असायला हवा. ग्लासात बॅटरीचा प्रकाश मारला. नळीच्या तोंडाशी एक बुडबुडा फुगत आला, थोडा वेळ चिकटून राहिला, सुटला. मग शांत. मग दुसरा. घड्याळ लावून मोजलं: सात सेकंदांना एक. एवढ्याशा बुडबुड्याने काय होतंय असं वाटेल, पण दिवसाचे ते बारा हजारांवर होतात आणि तीन आठवड्यांचे अडीच लाखांहून जास्त. तेवढी हवा एक कोपरा खाली आणायला पुरते.

गाडी स्टँडवर पूर्ण बसवली, त्या बाजूची हवा शून्य केली आणि मग व्हॉल्व्ह उघडला. आत स्प्रिंगवरचा छोटा दट्ट्या असतो, त्याच्या टोकाला वाटाण्याएवढी रबरी गादी. त्या गादीत एक पांढरा कण रुतला होता, मिठाच्या खड्यापेक्षाही लहान. तो नखाने काढला तर खाली खळी पडलेली. सगळी हवा त्या खळीतून जात होती.

गादी पुसून व्हॉल्व्ह परत बसवला. महिनाभर गाडी उभी राहिली. आम्ही खूश होतो. आणि मग मागचा उजवा कोपरा बसू लागला.

पांढरी पूड कुठून आली

तेव्हा मामांचा ड्रायरचा प्रश्न आठवला. ड्रायरच्या डब्यात ओल शोषणारे पांढरे मणी असतात. हा डबा, म्हणजे ड्रायरचं काडतूस (कार्ट्रिज), जुना झाला की मणी एकमेकांवर घासून फुटतात आणि त्यांची पूड हवेबरोबर पुढे जाते. कॉम्प्रेसरचं तेल त्यात मिसळलं की तिचा चिकट लगदा होतो. टाक्यांच्या तळाची पाणी सोडायची दोरी ओढून खाली काळं कापड धरलं, तर कापडावर दुधाळ पाणी आणि पांढरा गाळ. तुम्ही एकच तपासणी करणार असाल तर ही करा. पाच मिनिटं लागतात आणि गाडीखाली सरपटावं लागत नाही.

दर फेरीला पंधरा मिनिटं इंजिन चालवून आम्ही नेमकी हीच पूड पुढे ढकलत होतो. इंजिन पुरतं तापत नाही, कॉम्प्रेसरमधून ओल आणि तेल येत राहतं, आणि गाडी सरळ झाल्याने दोष झाकलाही जातो. एक कण निघाला की दुसरा येऊन बसतो, आज या कोपऱ्यात, उद्या त्या.

दुरुस्ती अशी केली: सगळ्या टाक्यांची हवा शून्यावर आणून ड्रायरचं काडतूस बदलून घेतलं, टाक्या निथळून घेतल्या, सस्पेन्शनच्या नळ्या सोडून त्या कोरड्या हवेने फुंकून काढल्या, आणि दोन्ही डम्प व्हॉल्व्ह नवे टाकले, कारण खळी पडलेली गादी पुन्हा नीट बसत नाही. काडतूस दोन-तीन वर्षांनी बदलायचं असतं. आमचं किती जुनं होतं याची नोंद आधीच्या मालकाच्या कागदांत कुठेच नव्हती. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर ते पहिल्या वर्षीच बदलून टाका. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये दोन आठवडे गाडी मुद्दाम हवेवर उभी ठेवली. चारही कोपरे पाव इंचाच्या आत राहिले.

आता गाडी कशी ठेवतो

गळती बंद झाली तरी हिवाळाभर गाडी हवेवर उभी ठेवत नाही. जागा सपाट बघतो, टायरखाली पूर्ण टायर मावेल अशा रुंद फळ्या घालतो, टायरमध्ये हवा पूर्ण भरतो, आणि मग सगळे बेलो सोडून गाडी आतल्या रबरी ठोकळ्यांवर बसवतो. चारही बाजूंनी सारखी बसलेली गाडी पुढे कलायचा प्रश्न राहत नाही. बसवण्याआधी खाली वाकून बघा: पायरी, सांडपाण्याचा पाइप, सायलेन्सर यांच्याखाली दगड किंवा विसरलेला स्टँड नको.

जॅकवर ठेवावी का, असं बरेच जण विचारतात. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर माझं मत नको. बाहेर आलेल्या चकचकीत दांड्यांवर मीठ आणि ओल बसते, तिथे गंजाचे खड्डे पडतात आणि ते खड्डे सील कापतात. शिवाय थंडीत तेलही आकसतं. बारा इंच बाहेर काढलेला जॅक ३५ अंशांच्या फरकाने साधारण पाव इंच उतरतो. तेवढं चालतं, दोन इंच उतरला तर सील बघा. जॅक लावलेच तर मागची चाकं जमिनीवरून उचलू देऊ नका. पार्किंग ब्रेक मागच्याच चाकांना असतो. ती उचलली तर गाडीला धरणारं काही उरत नाही.

लेव्हलिंगचा पॅनेल आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा. काही गाड्यांत पातळी राखण्यासाठी वेगळा छोटा कॉम्प्रेसर असतो, तो स्वतःहून चालू होऊन बॅटरी संपवतो. फ्रिज बंद असताना गाडी थोडी तिरकी असली तरी त्याला काही होत नाही. इंजिन एकतर पूर्ण तापेपर्यंत वीस-तीस मैल फिरवून आणा, नाहीतर सुरूच करू नका.

वसंतात निघताना घाई नको. बसलेली गाडी पुढे घेतली तर वळणावर टायर कमानीला घासतो. हवा पूर्ण बनू द्या, गव्हर्नरने कॉम्प्रेसर थांबवल्याचा फुस्स आवाज ऐका, मग उतरून चारही टेपच्या रेघा वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. आमच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावरचा टेप उन्हाने पिवळा पडलाय, रेघ मात्र अजून दिसते, म्हणून तो बदललेला नाही.